ज्योतीभाऊंच्या कादंबरीतला सिंह

आमच्या कंपनीची फर्स्ट शिफ्टची बस चिखलीतून निघते आणि महाळुंग्याला जाते. अंतर काही फार नाही, पण तळवड्याच्या चौकात ट्रेलर, टेम्पो आणि बाकीच्या कंपन्यांच्या बसगाड्या एकमेकांच्या नाकात नाक घालून उभ्या असतात. त्या वेळात माणूस एकतर झोपतो, नाहीतर मोबाइल बघतो. आमच्या बसमध्ये तिसरी सोय होती. ज्योतीराम गपाट कादंबरी सांगायचे.

ज्योतीभाऊ मूळचे भूम तालुक्यातले. पोरसवदा असताना कामासाठी चिंचवडला आले, आणि नंतर आमच्या प्रेस शॉपला, पत्रे ठोकणाऱ्या मशिनींच्या खात्याला, लागले ते तिथेच रुळले. प्रेसच्या धडधडाटात बोलून बोलून त्यांचा आवाज असा झाला होता की ते कानात काही सांगू लागले तर बसबाहेरचा दूधवालाही वळून बघायचा. सरळ माणूस. डबा वाटून खाणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आयुष्यात त्यांनी एकच कादंबरी वाचली होती, 'धुक्यातली पायरी'. पण ती इतक्यांदा वाचली होती की वाचलेल्या सगळ्या पानांची बेरीज केली तर त्यांचा नंबर प्राध्यापकांच्या वर लागला असता.

'धुक्यातली पायरी' ही फार मोठी कादंबरी आहे हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे ती वाचायची गरज कोणाला पडत नाही. ज्योतीभाऊंना ती चिंचवडच्या एका रद्दीवाल्याकडे मिळाली होती, बिनकव्हरची आणि खिळखिळी. रद्दीवाल्यानेच पुढच्या गल्लीतल्या बाइंडरकडून ती लाल रेक्झिनमध्ये बांधून दिली. तेव्हापासून ती ज्योतीभाऊंच्या पिशवीत डब्याच्या खाली असायची.

कथा अशी. वत्सला नावाची तरुण विधवा. तिला छळणारा मामा. माधव नावाचा गरीब मास्तर, जो तिच्यावर प्रेम करतो पण दोनशे पानं ते बोलत नाही. शेवटी एका पहाटे तो तिला देवळाच्या पायरीवर बोलावतो. दाट धुकं. वत्सला जाते. समोरून कोणीतरी येतंय.

इथे ज्योतीभाऊ थांबायचे, पाणी प्यायचे आणि पुस्तकातलं वाक्य पाठ म्हणायचे, "तिने डोळे ताणून पाहिले. तो सिंह पिंजऱ्यातून केव्हाच निसटला होता!"

इथून पुढे सर्कस. बादशहा नावाचा सिंह तंबूत धुमाकूळ घालतो, कॅप्टन रणधीर झुल्यावरून उडी घेतो, इंदुमती भरल्या डोळ्यांनी सिंहाच्या जबड्यात हात घालते आणि तंबूला आग लागते. हा भाग सुरू झाला की झोपलेले उठायचे.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा क्वालिटीतल्या बुद्धरत्नने शंका काढली होती. त्याचं कामच शंका काढायचं.

"भाऊ, वत्सला होती ना? ही इंदुमती कोण?"

"लग्न झाल्यावर बाईचं नाव बदलत नाही का?" ज्योतीभाऊ म्हणाले.

"मग माधवचा कॅप्टन रणधीर कसा झाला?"

"मिलिट्रीत गेला. तिथं माधव म्हणून कोण घाबरंल?"

"आणि मामा?"

ज्योतीभाऊ पुढे वाकले. मग आवाज खाली आणून, म्हणजे तळवड्यापर्यंत ऐकू जाईल एवढा, म्हणाले, "मामाचाच सिंह झालाय. हे लेखकानं लिहिलेलं नाही. हे आपण समजायचं असतंय."

 ड्रायव्हर दौलतराव चिखलीतल्याच जुन्या घरातले. त्यांनी आरशातून मागे बघत मान हलवली. "व्हय, मामा मानूस तसलाच व्हता."

बुद्धरत्नने पुस्तक मागून घेतलं आणि अजून एक खोट काढली. दोनशे चाळीस पानानंतर एकदम एकशे त्र्याण्णव पान येत होतं. ज्योतीभाऊंकडे त्याचंही उत्तर होतं. "आयुष्य पुढं जातंय असं आपल्याला वाटतंय. असतंय का तसं?" बुद्धरत्नचं प्रमोशन दोन वर्षं अडकलेलं होतं. त्याने पुस्तक मिटून परत दिलं.

तर अशी ही कादंबरी बसमध्ये वर्षानुवर्षं चालली. नवीन माणूस लागला की पुन्हा पहिल्यापासून. मी स्टोअरमध्ये आहे, रुक्ष माणूस, पण मलाही सिंहाचा प्रसंग तोंडपाठ झाला होता.

आणि मग बातमी आली की 'धुक्यातली पायरी'वर पिक्चर येतोय.

ज्योतीभाऊंची अवस्था घरचं लग्न असल्यासारखी झाली. त्यांनी ट्रेलर मोबाइलवर सगळ्या बसला दाखवला. ट्रेलरमध्ये विहीर होती, मामा होता, धुकं होतं. सिंह नव्हता. "सिंह कशाला दाखवतील?" ज्योतीभाऊ म्हणाले. "तीच तर खरी मजा आहे. राखून ठेवलाय." हे सगळ्यांना पटलं. गुरुवारी आमच्याकडे सुट्टी असते, म्हणून गुरुवारच्या दुपारच्या शोचं बुकिंग झालं. अख्खी बस बायकापोरांसकट चिंचवडच्या मल्टिप्लेक्समध्ये. दौलतराव नवीन टोपी घालून आले होते. ज्योतीभाऊंच्या मंडळी दुर्गाबाईही आल्या, पण घरातून निघतानाच त्यांनी बजावलं होतं, "तिथं जाऊन बोंबलायचं नाही. लोक पैसे देऊन येतेत."

ज्योतीभाऊंनी प्रयत्न केला, हे मान्य करायला हवं. पण त्यांची कुजबुज म्हणजे कुजबुज नव्हे. "पुस्तकात कुत्रा काळा आहे," ते दुर्गाबाईंच्या कानात म्हणाले, आणि पुढच्या चार ओळींनी कुत्र्याकडे बघितलं. "विहिरीला एवढ्या पायऱ्या नव्हत्या." "मामा बरोबर घेतलाय, अगदी पुस्तकातला आहे." अनोळखी माणसं आधी चिडली, पण मध्यंतरात दोघे-तिघे समोसे घेऊन ज्योतीभाऊंपाशीच येऊन उभे राहिले. पुढे काय होतं, असं विचारायला लागले.

"सांगणार नाही," ज्योतीभाऊ म्हणाले. "पण लहान लेकरं असतील तर मांडीवर घ्या."

मध्यंतरानंतर थिएटरात शांतता पसरली. पडद्यावर पहाट झाली. धुकं आलं. वत्सला पायरीवर उभी राहिली. सनई थांबली. आमच्या तिन्ही ओळी पुढे सरकून बसल्या. दौलतरावांनी टोपी हातात घेतली. धुक्यातून काहीतरी हललं, आणि बुद्धरत्नच्या मुलीने किंकाळी फोडली, "सिंह!"

तिच्यापाठोपाठ अख्खी बस ओरडली. पुढच्या ओळीतल्या एका गृहस्थाचे पॉपकॉर्न छताला लागले. समोसेवाल्या अनोळखी मंडळींनी पाय वर घेतले.

धुक्यातून एक म्हातारा बाहेर आला. हातात छत्री होती. त्याने वत्सलेकडे बघितलं आणि निघून गेला. वत्सला तिथेच उभी राहिली. पडदा काळा झाला आणि नावं यायला लागली.

कोणी हललं नाही.

"आता सर्कस आसंल," दौलतराव म्हणाले. "नावं झाल्यावर."

आम्ही सगळी नावं वाचली. मेकअप, लाइट, गाड्या, जेवण. बुद्धरत्न म्हणाला की प्राण्यांच्या यादीत सिंह आहे का बघा. प्राण्यांत एक कुत्रा होता, मोती नावाचा. झाडूवाल्या बाई आल्या, त्यांनी विचारलं, "काही हरवलंय का?"

"सिंह," दौलतराव म्हणाले. त्या बाई झाडू तिथेच टाकून बाहेर गेल्या आणि मॅनेजरला घेऊन आल्या.

 दुसऱ्या दिवशी बसमध्ये ज्योतीभाऊ फुटले. "पैसे वाचवलेत, राव! सिंहाला खर्च येतोय, झुल्याला खर्च येतोय, तंबू जाळायचा म्हणजे नवीन तंबू आणायचा. म्हाताऱ्याला काय, छत्री दिली की झालं! एवढा मोठा लेखक, आज जिवंत असता तर डोकं आपटून घेतलं असतं." सगळ्यांचं एकमत झालं की मूळ कादंबरीवर अन्याय झाला आहे. मूळ कादंबरी बसमध्ये एकानेच वाचली होती, पण अन्याय सगळ्यांवर झाला होता.

त्याच आठवड्यात कळलं की रविवारी संध्याकाळी चिंचवडच्या एका सभागृहात 'कादंबरी आणि चित्रपट' असा जाहीर कार्यक्रम आहे. प्रवेश मोफत, प्रश्न विचारता येतील. दौलतरावांनी स्वतःची तवेरा गाडी काढली.

स्टेजवर तिघे जण होते. मधे दिग्दर्शक निरंजन, केस बांधलेला तरुण माणूस. एका बाजूला प्राध्यापिका पद्मजा देवधर, कार्यक्रम चालवायला. दुसऱ्या बाजूला सुखदाताई, कादंबरीच्या दिवंगत लेखकांची नात. त्यांना हार घालून बसवलं होतं आणि त्या पेंगत होत्या. तासभर 'माध्यमांतर' आणि 'आशयद्रव्य' असे शब्द इकडून तिकडे गेले. मग प्रश्नांची वेळ आली आणि ज्योतीभाऊ उभे राहिले. माइक द्यायला आलेल्या मुलीला त्यांनी हातानेच नको म्हटलं.

"नमस्कार. मी ज्योतीराम गपाट, प्रेस शॉप. पिक्चर चांगला आहे. पण मला एकच विचारायचंय. सिंह का काढला?"

आमच्या ओळीतून टाळ्या पडल्या. निरंजनने पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. त्याचा चेहरा परीक्षेत न केलेला धडा आल्यावर होतो तसा झाला. त्याने पद्मजाबाईंकडे बघितलं. पद्मजाबाई छताकडे बघत होत्या.

"फार चांगला प्रश्न आहे," निरंजन म्हणाला. "सिंहाबद्दल... म्हणजे, आमच्या टीममध्ये सिंहावर खूप चर्चा झाली. शेवटी आम्ही ठरवलं की सिंह... प्रतीकात्मक ठेवायचा."

"कुठं ठेवलाय?" दौलतरावांनी बसल्या जागेवरून विचारलं.

"धुक्यात."

पद्मजाबाईंना आता धीर आला. "प्रेक्षकांनी हे लक्षात घ्यायला हवं," त्या म्हणाल्या, "की कादंबरीत जो सिंह दिसतो, तो चित्रपटात दिसत नाही म्हणूनच अधिक जाणवतो. सिंहाची अनुपस्थिती हीच इथे सिंहाची उपस्थिती आहे."

"आणि तंबू?" ज्योतीभाऊंनी विचारलं.

"तंबूसुद्धा," पद्मजाबाई ठामपणे म्हणाल्या.

सभागृहात पाच-पंचवीस लोकांनी गंभीरपणे माना हलवल्या. आमच्या शेजारच्या एका काकांनी बायकोला सांगितलं, "बघ, मी म्हटलं नव्हतं, सिंह हवा होता." ज्योतीभाऊ समाधानाने खाली बसणार, एवढ्यात स्टेजवरून आवाज आला.

"कुठला सिंह?"

सुखदाताई जाग्या झाल्या होत्या.

"शेवटचा, ताई," ज्योतीभाऊ म्हणाले. "बादशहा. सर्कशीतला."

"आजोबांच्या कादंबरीत सर्कस नाही हो," त्या म्हणाल्या. "आजोबांना मांजराचीसुद्धा भीती वाटायची. घरात मांजर शिरलं की खुर्चीवर चढून बसायचे. ते सिंह कुठून लिहिणार?"

निरंजनने ग्लासमधलं सगळं पाणी पिऊन टाकलं. पद्मजाबाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या, आणि कार्यक्रम संपेपर्यंत त्यांना ते सापडलं नाही.

ज्योतीभाऊ मात्र शांत होते. त्यांनी पिशवीतून लाल पुस्तक काढलं, सरळ स्टेजवर गेले आणि सुखदाताईंच्या पुढे दोनशे चाळिसावं पान उघडून ठेवलं. सुखदाताईंनी चष्मा लावला. पान वाचलं, उलटलं, पुन्हा मागचं बघितलं. मग बोटाने शिलाई चाचपली. कागदाचा रंगसुद्धा जरा वेगळा होता.

"दादा," त्या हळूच म्हणाल्या, "इथून पुढे हे दुसरंच कुठलं तरी पुस्तक आहे. बाइंडरने चुकून जोडलंय. आजोबांचं पुढचं वाक्य 'तो माधव नव्हता' असं आहे. तुमच्या पानावर 'तो' आहे आणि पुढचं पान गेलंय."

असं त्या म्हणाल्या, आणि पुढचं पान वाचता वाचता त्यांना हसू फुटलं. आधी पदराने दाबलं, मग दाबेना. लोक ओरडायला लागले की आम्हालाही वाचून दाखवा. त्यांनी माइक घेतला आणि सिंह निसटला तिथून वाचायला सुरुवात केली. तासभर जांभया देणारं सभागृह सावरून बसलं. इंदुमतीने जबड्यात हात घातला तेव्हा शिट्ट्या पडल्या. तंबू जळाला तेव्हा सुखदाताईंचा हार खुर्चीवरून खाली पडला होता आणि निरंजन हनुवटीखाली दोन्ही मुठी धरून लहान मुलासारखा ऐकत होता.

सगळा हॉल हसत बाहेर पडला. ज्योतीभाऊ एकटेच हसले नाहीत. ते पुस्तक पिशवीत घालून तवेरात मागच्या सीटवर बसले. घर येईपर्यंत त्यांनी फक्त एकदा विचारलं, "म्हणजे मामाचा सिंह झाला नाही?" 

पुढचे काही दिवस बस स्मशानासारखी. ज्योतीभाऊ खिडकीशी बसायचे आणि मोबाइल बघायचे. मोबाइल बंद असला तरी बघायचे. घरी सुखदाताईंनी पाठवलेली कादंबरीची नवी प्रत आली होती. एका संध्याकाळी त्यांनी खरा शेवट दुर्गाबाईंना वाचून दाखवला. दुर्गाबाई भाकरी थापत होत्या. हे सगळं आम्हाला नंतर त्यांनीच सांगितलं.

"मग ती वर गेली का खाली?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"कुठंच नाही. पायरीवर उभीच राहिली."

"का?"

"दिलेलं नाही."

दुर्गाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. इतक्या वर्षांत त्यांनी त्या पुस्तकाबद्दल पहिल्यांदाच मत दिलं. "एवढी दोनशे पानं लिहिली, आन् एवढं एक लिहायला काय झालं होतं? तुमचा सिंहच बरा. काहीतरी करत तर होता."

ज्योतीभाऊंना भाकरी गोड लागली. आणि जेवता जेवताच त्यांच्या डोक्यात आलं की वत्सलेची गोष्ट तर आता सुरुवातीपासून शेवटपर्यंत कळली, पण इंदुमतीची सुरुवात काय? ती सर्कशीत आली कशी? एकशे ब्याण्णव पानं कुठेतरी आहेत, आणि ती आपण वाचलेली नाहीत! ते तसेच उठले. हात धुवायचे राहिले म्हणून दुर्गाबाईंनी त्यांना परत बोलावलं.

पुस्तकाचं नाव माहीत नाही, लेखक माहीत नाही. रद्दीवाल्याच्या जागी आता मोमोचं दुकान आहे. ज्योतीभाऊ गुरुवारच्या गुरुवार वाचनालयं पालथी घालू लागले. काउंटरवर उभं राहून ते विचारायचे, "सिंह, सर्कस, कॅप्टन रणधीर, शेवटी आग. आहे का?" एका ठिकाणी त्यांना बालविभागात पाठवलं. एका ठिकाणी त्यांचा आवाज ऐकून 'शांतता राखा' पाटीकडे बोट दाखवलं. शेवटी थेरगावात, डांगे चौकाजवळच्या एका छोट्या खाजगी वाचनालयात, मालकीणबाई गिरजाबाईंनी वाक्य पूर्ण व्हायच्या आत म्हटलं, "'बादशहाचा पिंजरा' म्हणताय होय? माळ्यावर आहे. माझ्या सासूबाई वाचायच्या."

ज्योतीभाऊंनी ते तिथेच बाकावर बसून वाचायला घेतलं, आणि वाचनालय बंद होताना घरी नेलं.

शनिवारी सकाळी ते बसमध्ये चढले तेव्हा चेहरा वेगळाच होता. खिडकीशी बसले नाहीत. दौलतरावांच्या मागचा दांडा धरून उभे राहिले. बसने तळवडे गाठलं, गाड्या तुंबल्या, आणि ते बोलले.

"सुरुवात सापडली."

मोबाइल खिशात गेले. मागचे पुढे आले.

"सांगायला जीभ रेटत नाही," ज्योतीभाऊ म्हणाले. "पण सांगायला पाहिजे. कॅप्टन रणधीर चोर आहे."

"काय?" बुद्धरत्न उभाच राहिला.

"कॅप्टनसुद्धा नाही. नुसतं नाव लावलंय. इंदुमतीच्या बापाची सर्कस त्यानं लबाडीनं घेतली. आन् त्या बादशहाला इंदुमतीनं बाटलीनं दूध पाजून मोठा केलेला. तो निसटला तो रणधीरला धरायला. सिंह हिरो आहे, राव! आपण इतकी वर्षं भलत्याला टाळ्या दिल्या."

दौलतरावांनी बस बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि वळून बसले. "न्हाई," ते म्हणाले. "म्या न्हाई मानत. झुल्यावरनं उडी मारली त्यानं. चोर मारंल का उडी?"

"चोरच मारणार! पळून जायलाच मारली होती!"

"मग ती इंदुमती का रडत व्हती?"

"सिंहासाठी!"

मग जो गदारोळ झाला त्यात कोण काय बोललं ते कळायला मार्ग नाही. पेंट शॉपचे सगळे कॅप्टनच्या बाजूने. क्वालिटी सिंहाच्या बाजूने. मेंटेनन्सवाले म्हणाले की दोघांना समोरासमोर बसवून विचारलं पाहिजे. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, आणि एका टेम्पोवाल्याने खाली उतरून काय भानगड आहे म्हणून विचारलं. त्याला थोडक्यात सांगितल्यावर तो म्हणाला की त्याला कॅप्टनचा पहिल्यापासून संशय येतोय.

आम्ही गेटवर पोचलो तेव्हा शिफ्ट सुरू झालेली होती. टाइम ऑफिसच्या साहेबांनी बसच्या दारातच अडवलं. "चाळीस माणसं एकदम लेट? कारण काय?"

"सर, सिंहाचा विषय होता," बुद्धरत्न म्हणाला.

साहेबांनी पेनला टोपण लावून ते खिशात ठेवलं आणि बसमधल्या लोकांकडे बघितलं. "म्हणजे बादशहा? ते पुस्तक वाचलंय मी. तुम्ही लोक अजून कॅप्टनच्याच बाजूने आहात की काय?"

ज्योतीभाऊ दांडा सोडून खाली उतरले आणि त्यांनी साहेबांचे दोन्ही हात धरले. लेट मार्क मात्र सगळ्यांना पडला. दौलतराव त्या दिवसापासून साहेबांशी बोलत नाहीत.